बुलेटच्या पोटातली चेन

चेन्नईच्या टी. नगरातल्या उस्मान रोडवर सोन्याच्या पेढ्यांसमोर फटफट्यांची रांग लागते. त्यात जुनी बुलेट दिसली, तर आधी तिच्या डाव्या अंगाखालचा रस्ता बघावा. तेलाचा थेंब बहुधा सापडतोच. बुलेटवाले चिडत नाहीत. गळतंय म्हणजे आत तेल आहे, एवढाच अर्थ ते काढतात.

थेंब येतो डावीकडच्या फुगीर झाकणातून. झाकणाआड इंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ आहे. जुन्या बुलेटमध्ये ही दोन बिऱ्हाडं वेगळी. गिअरबॉक्स इंजिनच्या पाठीला बोल्टांनी कसलेला, पण ज्याचं वंगण त्याचं. क्रँकवर लहान दातेरी चक्र, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लचचं मोठं चक्र, आणि दोघांवरून फिरणारी दुपदरी चेन. फेऱ्यांचा वेग इथेच निम्म्याहून कमी होतो आणि जोर त्या प्रमाणात वाढतो. क्लच दाबला की चेन फिरत राहते, शाफ्टशी तिचा संबंध तेवढा सुटतो.

बुलेटच्या घराण्याचा मूळपुरुष सुया करणारा. इंग्लंडातल्या रेडिच गावी 1851 मध्ये टाउनसेंडने सुयांचा कारखाना काढला; पुढे तिथे सायकली होऊ लागल्या आणि त्यातून रॉयल एनफिल्ड उभी राहिली. 1901 च्या तिच्या पहिल्या फटफटीत गिअरबॉक्स नव्हताच. इंजिन पुढे, हँडलपाशी. तिथून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा लांब पट्टा. पिठाच्या गिरणीतला पट्टा ज्यांनी पाहिलाय, त्यांना पावसात त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. न घसरणारी रोलर चेन मात्र आधीच तयार होती: हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये 1880 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

चेन आली की ती सैल पडणं आलं. इतर कित्येक ब्रिटिश गाड्यांत गिअरबॉक्सच मागे सरकवून ती ताणत. मग मागच्या चाकाच्या चेनचा ताण बिघडे, तो पुन्हा जुळवायचा. एनफिल्डने गिअरबॉक्स पक्का बसवला आणि चेनच्या खाली वर-खाली होणारी एक पट्टी दिली. मेकॅनिक झाकणावरचं छोटं बूच काढून बोट घालतो. चेन साधारण पाव इंच हलली की झालं. मला ही युक्ती फार आवडते. मोठं झाकण एकाच नटावर धरायची कल्पना मात्र मुळीच नाही. थेंब तिचाच.

1955 मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली आणि शहराच्या उत्तरेला, तिरुवोट्टियूरला, बुलेट बनू लागली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, 1970 मध्ये ब्रिटनमधलं उत्पादनच थांबलं. इथे मात्र तीच गाठ, तीच पट्टी, तोच नट चालू राहिला. न्यूट्रल शोधायला टाचेखालची वेगळी दांडीसुद्धा.

2009 च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले. चेन टिकली, फक्त तिला ताणायचं काम आपोआप होऊ लागलं. ती आधी गेली 2020 च्या एनफिल्ड मिटिऑरमधून. बुलेटमधून 2023 मध्ये. आता क्रँकवरचा गिअर थेट क्लचच्या गिअरला भिडतो. चेनवर ही दोन्ही चक्रं एकाच दिशेने फिरत. आता उलट दिशांनी फिरतात.