हायड्रोजनचे इंजिन : दोनशे वर्षांची अडचण

विहिरीच्या काठी धकधक करणारे तेलाचे इंजिन आपल्या अंबाजोगाईच्या पंचक्रोशीत कोणी पाहिले नाही, असे होणार नाही. शंतनुराव किर्लोस्करांनी 1946 साली पुण्याजवळ खडकीस या इंजिनांचा कारखाना उभारला, आणि पंप, नोझल हे शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. आता तेलाऐवजी हायड्रोजन जाळण्याची खटपट चालली आहे. मार्च 2025 मध्ये टाटा मोटर्सने हायड्रोजनवर चालणाऱ्या 16 मालमोटारींची चाचणी सुरू केली. मुंबई-पुण्याकडचे रस्तेही तीत आहेत, आणि त्यांतल्या काही गाड्या हा वायू चक्क इंजिनात जाळतात.

ही कल्पना नवी म्हणावी, तर ती डिझेलच्या इंजिनाहून नव्वद वर्षांनी जुनी! रिवाझ नावाच्या संशोधकाने 1807 सालीच हायड्रोजन आणि विजेची ठिणगी यांवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. 1820 साली केंब्रिजला विल्यम सेसिल या पाद्र्याने अशाच यंत्रावर निबंध वाचला. मग घोडे अडले कोठे?

अडले ते वायूच्या स्वभावापाशी. हवेत हायड्रोजन शेकडा 4 असो की 75, तो पेट घेतो. आणि त्याला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या ठिणगीच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी पुरते. हवेबरोबरच तो आत ओढला, तर सिलिंडरातला एखादा तापलेला कोपराही त्याला पुरे होतो. झडप उघडी असतानाच भडका उडतो आणि ज्वाला उलट नळीत शिरते. दुसरे असे की, हा वायू विरळ. हवेशी पुरत्या प्रमाणात मिसळला, तर आतली जवळजवळ तीस टक्के जागा तोच अडवतो. तेवढी हवा कमी, म्हणून जोरही कमी.

या दोन्ही दुखण्यांवर रुडॉल्फ एरेन या जर्मन अभियंत्याने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उपाय काढला. आधी नुसती हवा घ्यायची, झडप मिटू द्यायची आणि मग हायड्रोजन थेट सिलिंडरात सोडायचा. झडपच बंद, तेव्हा ज्वाला मागे जाणार कशी? तोड मोठी सुरेख होती. मात्र एक दुखणे गेले आणि तीन आली.

पहिले, वेळेचे. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्याची एक धाव सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. एवढ्यात वायू आत शिरून हवेत मिसळला पाहिजे. नीट मिसळला नाही, तर जेथे तो दाट राहतो तेथे आच फार वाढते आणि हवेतल्याच नायट्रोजनपासून विषारी वायू बनतात. ‘धुराड्यातून निव्वळ वाफ निघते’ ही जाहिरात म्हणूनच आम्हांस पुरती पटत नाही.

दुसरे, वंगणाचे, आणि आमच्या मते खरी परीक्षा येथेच आहे. डिझेल नोझलमधून जाता जाता तिच्या सुईला वंगणही देते. हायड्रोजन कोरडा. सेकंदाला कित्येकदा आपटणारी सुई आणि तिची बैठक लवकर झिजते. त्यातून हा सर्वांत हलका वायू. झिजलेल्या फटीतून तो सहज निसटतो, आणि काही पोलादांत मुरून त्यांना ठिसूळ करतो. जो कस नोझलच्या कारागिराने तेलावर कमावला, तो येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही; धातू आणि लेप नव्याने शोधावे लागतात.

तिसरे दाबाचे. हवा दाबली जात असताना आरंभीच वायू सोडला तर थोडा दाब भागतो, पण अगदी शेवटी सोडायचा तर वातावरणाच्या शंभरपटींहून अधिक दाब लागतो. टाकी भरताना 350 पट दाब असतो खरा, पण गाडी चालेल तसा तो उतरत जातो. तो इंजेक्टरच्या गरजेखाली आला, की टाकीत वायू शिल्लक असूनही इंजिनाला तो मिळत नाही. यासाठी गाडीतच दाब वाढवणारा पंप बसवावा, तर तो इंजिनाचाच जोर खातो.