रिकाम्या खोबण्या

सर्बियातल्या नीशहून परत आले आणि पहिला फोन मावशीचा. "काय काय बघितलंस?"

मी सुरुवात केली. निशावा नदी, तिच्या काठावर उस्मानी तुर्कांनी १७१९ ते १७२३ मध्ये बांधलेला किल्ला, त्याच्या स्तंबोल दरवाजाशी कॉफी पीत बसलेली माणसं. पूल ओलांडला की मुख्य चौक, तिथे १९३७ चं मुक्तिदात्यांचं स्मारक. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन याच गावात जन्मला. मावशी हं हं करत होती. मग मी कवट्यांच्या बुरुजाबद्दल सांगितलं आणि पलीकडे एकदम शांतता.

तर मंडळी, तेच इथे लिहिते.

३१ मे १८०९. नीशजवळच्या चेगार टेकडीवर सर्बियन बंडखोर आणि तुर्की फौज यांची लढाई झाली. मोर्चा हातचा जातोय असं दिसल्यावर स्तेवान सिंजेलिचने दारूच्या कोठारावर गोळी झाडली. तो, त्याची माणसं आणि आत घुसलेले शत्रू, सगळेच गेले. खुर्शीद पाशाने मेलेल्यांची मुंडकी सोलवली. कातडीत पेंढा भरून ती इस्तंबूलला पाठवली आणि कवट्या इस्तंबूलच्या रस्त्यालगत एका चौकोनी बुरुजात चिणल्या. चार बाजू, प्रत्येक बाजूला १४ ओळी, एकूण ९५२ कवट्या. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावं आणि बंडाचा विचार सोडावा, एवढाच हेतू.

१८३३ मध्ये फ्रेंच कवी लामार्तीन त्या वाटेने गेला. हा बुरूज सर्बियन लोकांनी जपावा, म्हणजे स्वातंत्र्याची किंमत काय असते ते मुलांना कळेल, असं त्याने लिहून ठेवलं. १८९२ मध्ये बुरुजाभोवती छोटं प्रार्थनाघर बांधलं गेलं. कवीचं म्हणणं लोकांनी ऐकलं म्हणायचं.

पण आत गेल्यावर दिसतात त्या फक्त ५८ कवट्या. बाकी सगळ्या खोबण्याच, वाटीसारख्या, ओळीने. काही कवट्या ऊनपावसाने निखळल्या, काही हौशी लोकांनी आठवण म्हणून नेल्या. आणि कितीतरी, मेलेल्यांच्या नातेवाइकांनी गुपचूप काढून नेऊन पुरल्या.

हे ऐकून मावशी म्हणाली, "आपलीच कोणती, ते त्यांना कसं गं कळलं असेल?"

नसेलच कळलं, मी म्हटलं.

"तरी नेली ना? बरं केलं."

आमच्याकडे जुन्या ट्रंकेत १९७१ ची एक तार आहे. मामाची. त्याच्यामागून घरी आली ती तेवढीच.

मी बुरुजाचे बरेच फोटो काढले होते, कवट्यांचे जवळून. मावशीला पाठवला तो मात्र रिकाम्या खोबण्यांचा.