धावणाऱ्याची शिदोरी

शिदोरी हा शब्द आपल्या अगदी घरातला आहे. शेतावर जाणाऱ्याची शिदोरी, वारीला निघालेल्याची शिदोरी, परगावी परीक्षेला जाणाऱ्या पोराची शिदोरी. भाकरी, चटणी, एखादा कांदा फडक्यात बांधला की माणूस दिवसभराला निर्धास्त. पण जो चालत नाही, धावतो, ज्याला सावलीला बसून फडके सोडायला सवड नाही, त्याने शिदोरी न्यावी कशी? आणि मुळात धावताना खावे की खाऊ नये? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर सापडायला मोठमोठ्या डॉक्टरांना आणि धावपटूंना पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. ती हकिगत मी आज सांगणार आहे.

त्याआधी माझीच एक चूक सांगतो. मी खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो. तालुक्याच्या स्पर्धेत आमचा एक मुलगा दहा किलोमीटरच्या शर्यतीला उभा राहिला. पोरगा काटक, वाऱ्यासारखा पळणारा. आदल्या दिवशी मीच त्याला बजावले, “उद्या सकाळी काही खाऊ नकोस, पोट हलके पाहिजे.” त्याने गुरुजींचा शब्द पाळला. उपाशीपोटी दोन कोस चालत तालुक्याला आला आणि उन्हे चढल्यावर धावला. शेवटच्या टप्प्यात त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले. रेषा ओलांडली आणि बसला तो उठेना. अंगाला दरदरून घाम, हात कापताहेत, आणि बोलणे भलतेच. मला वाटले, ऊन लागले. तेवढ्यात बाजूला शेंगा विकत बसलेली एक म्हातारी उठली. तिने गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला, वर तांब्यातले पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत पोरगा उठून बसला आणि “गुरुजी, कितवा आलो?” म्हणून विचारू लागला.

त्या म्हातारीला जे ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते. मागाहून वाचनात आले तेव्हा कळले, की आपण एकटेच अडाणी नव्हतो!

आता 1904 सालाकडे चला. अमेरिकेत सेंट लुईस या गावी ऑलिंपिक सामने भरले होते. मॅरेथॉनची शर्यत भर दुपारी, धुळीच्या रस्त्यावर, कडक उन्हात. धावायला 32 जण उभे राहिले आणि शर्यत पुरी केली अवघ्या 14 जणांनी. वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. संयोजकांना पाण्यावाचून माणूस कसा टिकतो हेही पाहायचे होते म्हणे! जो पहिला आला तो वाटेत मोटारीत बसून आल्याचे उघडकीस आले आणि त्याला बाद केले. खरा विजेता ठरला थॉमस हिक्स. त्याची शिदोरी काय होती ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि त्यात स्ट्रिक्नीन! स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांत असते ते जहर. अगदी थोडे दिले तर उत्तेजन येते अशी त्या काळची समजूत होती. हिक्स शेवटी पाय ओढत, दोघांच्या आधाराने रेषेपर्यंत पोचला. वाचला हे नशीब.

सोळा वर्षांनी, 1920 साली, बेल्जमच्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक झाले. त्यात आपली माणसे होती, म्हणून तिथे क्षणभर थांबू. त्याच्या थोडे आधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शर्यती भरवल्या होत्या आणि सर दोराबजी टाटांना अध्यक्षपद दिले होते. धावणारे बहुतेक शेतकरी, पायांत काही नाही, शर्यतीच्या आधुनिक नियमांची फारशी ओळख नाही. पण त्यांचा वेग पाहून दोराबजी थक्क झाले. ही माणसे युरोपात पाठवली पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी पदरचा पैसाही घातला. त्या तुकडीत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा थोडी लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले 19 वे आले. परका मुलुख, परके अन्न, हवा वेगळी, आणि त्या सर्वांत 19 वा क्रमांक! आपल्या शाळांतून हे नाव मुलांना सांगितले जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता मुख्य शोधाकडे येऊ. बोस्टन शहरात दरवर्षी मॅरेथॉन होते. 1924 साली तिथल्या काही डॉक्टरांनी शर्यत संपल्याबरोबर धावपटूंचे रक्त तपासले. कित्येकांच्या रक्तातली साखर खूप उतरलेली आढळली, आणि ज्यांची साखर उतरली होती तेच पांढरेफटक पडलेले, थरथरणारे, चिडचिडे झालेले होते. इन्शुलिनचे औषध माणसाला पहिल्याने टोचले गेले ते 1922 साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांपूर्वी. इन्शुलिन जास्त झाले की मधुमेहाचा रोगी कसा दिसतो, हे डॉक्टरांनी नुकतेच पाहिले होते. त्यांनी ओळखले, की थकलेला धावपटू आणि हा रोगी यांची अवस्था एकच आहे. मग 1925 साली त्यांनी धावणाऱ्यांना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर खायला सांगितले आणि धावताना तोंडात टाकायला साखरेच्या गोळ्या दिल्या. त्या वर्षी साखर उतरली नाही आणि माणसे ताजीतवानी राहिली. म्हातारीच्या गुळाच्या खड्याला डॉक्टरांची सही मिळाली ती अशी!

आपल्याला वाटेल, झाले, प्रश्न सुटला. पण जग इतक्या लवकर शहाणे होत नाही, बरं का. पुढे कितीतरी वर्षे धावपटू न खाता धावत राहिले. शर्यतीत खाणे म्हणजे कच्चेपणा, असा एक ताठा होता. आपल्याकडे उपाशी राहून काम करण्याचे कौतुक असते ना, तसलाच प्रकार.

डोंगर चढणारी मंडळी मात्र पहिल्यापासून व्यवहारी. इंग्लंडातल्या केंडाल गावी साखर, ग्लुकोज, पाणी आणि पुदिन्याचे तेल यांची एक पांढरी वडी करतात. 1953 साली हिलरी आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टच्या चढाईत ही वडी बरोबर नेली होती. घोटभर चहा करायलाही जिथे तासभर खटपट करावी लागते, तिथे खिशातून काढून तोंडात टाकता येईल असा पदार्थच उपयोगाचा.

मग स्वीडनमध्ये 1960 नंतरच्या दशकात एक मजेदार प्रयोग झाला. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन डॉक्टरांनी एकच व्यायामाची सायकल घेतली. एक एका बाजूला बसला, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनी एकेकाच पायाने पायटे मारले, पार दमेपर्यंत. दोघांचाही दुसरा पाय स्वस्थ. मग मांडीत सुई घालून दोन्ही पायांतल्या स्नायूंचे कण काढून तपासले. आपल्या स्नायूंत ग्लायकोजन नावाचा साखरेचा साठा असतो. काम केलेल्या पायातला तो साठा संपला होता, स्वस्थ पायातला जसाच्या तसा. पुढचे तीन दिवस पिष्टमय अन्न खाल्ल्यावर काम केलेल्या पायात साठा नुसता भरला नाही, तर दुसऱ्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. ही गोष्ट त्यांनी 1966 साली छापली.

यातून हिशेब स्पष्ट झाला. धान्याची कणगी आणि घरातला डबा असे दोन साठे डोळ्यांपुढे आणा. शरीरातली चरबी ही कणगी. ती काही केल्या सरत नाही, पण तिच्यातले धान्य दळून भाकरी व्हायला वेळ लागतो. स्नायूंतली आणि यकृतातली साखर हा डबा. हात घातला की लगेच मिळते, पण दोन्ही मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅमच. तिच्यातून दोन हजारांच्या आतबाहेर कॅलरी मिळतात, आणि मॅरेथॉन धावायला लागतात अडीच हजारांच्या आसपास. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे भल्याभल्यांचे पाय शिसासारखे जड होतात. समोर भिंत उभी राहिली, असे धावपटू म्हणतात.

ब्रायन मॅक्सवेल नावाच्या कॅनडाच्या धावपटूला ही भिंत 1983 साली इंग्लंडातल्या एका मॅरेथॉनमध्ये आडवी आली. सुरुवातीला तो पुढच्यांत होता. एकविसाव्या मैलाच्या सुमारास अंगातले त्राण गेले आणि एकेक जण त्याला मागे टाकून निघून गेला. दुसरा असता तर नशिबाला बोल लावून बसला असता. हा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला परतला आणि स्वयंपाकघरात शिरला. अन्नशास्त्र शिकणारी जेनिफर बिडल्फ त्याच्या जोडीला आली. पुढे दोघांनी लग्न केले. धावताना चावता येईल, पोटात जड होणार नाही आणि साखर हळूहळू देत राहील, अशी वडी त्यांना हवी होती. किती घाणे फसले असतील, गृहिणींना सांगायला नको. अखेर ओटचा कोंडा, साखरेचे दोन-तीन प्रकार आणि दुधातली प्रथिने यांची वडी जमली, आणि 1986 साली पॉवरबार नावाने ती विक्रीला आली.

खाण्याची वडी ही कल्पना तशी नवी नव्हती. 1962 साली स्कॉट कार्पेंटर अंतराळात गेला तेव्हा त्याच्याबरोबर अन्नाचे छोटे चौकोनी तुकडे दिले होते. त्यांचा भुगा होऊन यानात तरंगू लागला! मग भुगा न होणाऱ्या चिवट कांड्या निघाल्या आणि 1970 च्या सुमारास त्या अमेरिकेच्या दुकानांतही आल्या. पण त्या पोरांच्या हौसेच्या. मॅक्सवेलची वडी धावणाऱ्याने धावणाऱ्यासाठी केलेली होती, आणि तो ती शर्यतींच्या जागी हिंडून विकत असे. थंडीत ती इतकी टणक होई की दाताने तुटत नसे, अशी तक्रार होती. तरीही खपली. पुढे 1990 साली गॅरी एरिक्सन नावाचा एक सायकलस्वार 175 मैलांच्या फेरीवर असताना असल्या पाच वड्या खाऊन कंटाळला. सहावी त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने आईच्या स्वयंपाकघरात स्वतःची चवदार वडी केली आणि 1992 पासून वडिलांच्या नावावरून क्लिफ बार म्हणून ती विकली. मॅक्सवेल पतिपत्नींनी आपला कारखाना 2000 साली नेस्ले कंपनीला विकला. ब्रायन 2004 साली हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. वय फक्त 51.

आता शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपल्या पोरांच्या कामाचे बोलू. या वड्या आता आपल्याकडेही शहरांत आणि तालुक्यांच्या दुकानांत मिळतात. वेष्टनावर पिळदार दंडांचे चित्र असते, किंमत चांगलीच असते, आणि भरतीची तयारी करणारी मुले उसने पैसे काढून त्या घेतात. भरतीची सोळाशे मीटरची धाव पाच-सहा मिनिटांत संपते. तिच्यासाठी डब्यातली साखर रग्गड पुरते, वडी लागतच नाही. त्या मुलांना लागते ते धावण्याआधी दोन-तीन तास घेतलेले साधे जेवण. रात्रभर एस्टीत बसून उपाशी आलेल्या मुलाला वडी देऊन तो गेलेला डबा भरून येत नाही.

तास-सव्वा तासाच्या वर सलग धावायचे, सायकल चालवायची किंवा डोंगर चढायचा असेल, तेव्हा मात्र वाटेत खावे. दर तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर किंवा पिष्ट पुरे होते. पासष्ट ग्रॅमच्या एका पॉवरबार वडीत ते सुमारे 45 ग्रॅम असे. आता आपल्या घरचे माप पाहा. तीस ग्रॅम गुळाच्या खड्यात 28 ग्रॅमच्या आसपास. एका मोठ्या केळ्यात 27 ते 30. शेंगदाण्याची चिक्की उत्तम खरी, पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल. तेल पचायला वेळ लागतो, म्हणून ती जोरात धावताना नको. दिवसभराच्या चालीला, गडाच्या चढणीला ती चांगली. आणि काही खाल्ले तरी वर पाणी हवेच. नुसता गोड पदार्थ खाऊन पाणी न प्यायले तर पोटात कळ येते. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ पहिल्यांदा खाऊ नये. सरावात खाऊन पाहावा, पोटाला मानवतो का ते बघावे.

2004 साली इंग्लंडात आणखी एक गंमत दिसली. तासभर सायकल चालवणाऱ्यांना पिष्टाचे पाणी फक्त तोंडात खुळखुळून थुंकायला लावले. पोटात थेंब गेला नाही, तरी त्यांचा वेग थोडा वाढला. अन्न येते आहे एवढी वर्दी जिभेवरून मेंदूला मिळाली, की तोही हात जरा सैल सोडतो.

त्या स्पर्धेनंतर आमच्या शाळेच्या साहित्याच्या पेटीत शिट्टी, दोरी आणि चुन्याच्या पुडीबरोबर गुळाची एक बरणी असे. मुंग्या लागू नयेत म्हणून तिच्या झाकणाला फडके बांधायचे काम मी त्याच पोराकडे दिले होते. बरणी दर आठवड्याला थोडी रिकामी होई, शर्यत असो वा नसो. मी कधी चौकशी केली नाही.