सलाफहादाच्या पाच कन्यांची फिर्याद

जुन्या करारातील स्त्रियांची आठवण निघाली की सारा, रिबका, रूथ, एस्तेर ही नावे सहज ओठांवर येतात. परंतु ‘गणना’ या ग्रंथात, शिरगणतीच्या रुक्ष याद्यांना लागूनच ज्यांची फिर्याद आणि तिचा निवाडा नोंदला गेला आहे, त्या महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणींचे स्मरण ख्रिस्ती प्रवचनांतूनही क्वचितच होते. त्या राण्या नव्हत्या, संदेष्ट्या नव्हत्या, आणि कोणा थोर पुरुषाच्या माता म्हणूनही त्यांची ख्याती नाही. मनश्शेच्या वंशातील सलाफहाद नावाच्या, रानातच देह ठेवलेल्या एका निपुत्रिक गृहस्थाच्या त्या मुली. त्यांनी बापाच्या हिश्श्याची जमीन मागितली, एवढाच त्यांचा पराक्रम. आणि तरीही इतकी धीट व इतकी विवेकी श्रद्धा त्या विशाल ग्रंथसंग्रहात मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांची चाळीस वर्षांची भ्रमंती संपत आली होती. यार्देन नदीच्या पूर्वेस, यरीहो नगरासमोर, मवाबाच्या मैदानात त्यांचा तळ पडला होता, आणि एका भयंकर मरीनंतर त्यांचा नायक मोशे याने लोकांची दुसऱ्यांदा गणती करविली होती. ग्रंथात दिलेल्या आकड्यांप्रमाणे लढण्याजोगे पुरुष 6,01,730 भरले, त्यांपैकी मनश्शे वंशाचे 52,700. ही मोजदाद केवळ फौजेसाठी नव्हती. नदीपलीकडचा, देवाने वचन दिलेला मुलूख हाती आल्यावर नावांच्या संख्येनुसार आणि चिठ्ठ्या टाकून त्याची वाटणी व्हायची होती. ज्या पुरुषाचे नाव यादीत, त्याच्या घरास तक्सीम. आणि सलाफहाद तर मेलेला, मागे मुलगा नाही, सबब त्याचे घर यादीतून आपोआप बाद. अशा प्रसंगी या पाच जणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या, दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

त्यांची कैफियत अगदी थोडक्यात आहे, पण तिची मांडणी एखाद्या मुरलेल्या वकिलासही साधू नये अशी आहे. आमचा बाप रानात मेला, हे वस्तुस्थितीचे निवेदन प्रथम. कोरह नावाच्या पुढाऱ्याने मोशेविरुद्ध पूर्वी जे बंड उभारले होते, त्यात तो सामील नव्हता, स्वतःच्याच पापाने तो मेला, हा दुसरा मुद्दा. म्हणजे बंडखोराचे वतन जप्त करावे तसे आमच्या घराचे करण्यास काही कारण नाही. आणि मग मूळ प्रश्न: पुत्र नाही एवढ्यासाठी बापाचे नाव त्याच्या कुळातून का नाहीसे व्हावे? आम्हांला आमच्या चुलत्यांच्या बरोबरीने वतन द्या. येथे रडगाणे नाही, दयेची याचना नाही, आणि चालत आलेल्या व्यवस्थेचा धिक्कारही नाही. त्याच व्यवस्थेने ज्याला सर्वांत मोठे मूल्य मानले होते त्या कुलनामाचा आधार घेऊन त्यांनी तिच्यातील उणीव दाखवून दिली.

याहूनही मोठी गोष्ट अशी की, ज्या जमिनीचा हिस्सा त्या मागत होत्या ती अद्याप जिंकलेलीच नव्हती. यापूर्वीच्या पिढीतील पुरुषांनी तो मुलूख पाहून आलेल्या हेरांचा वृत्तांत ऐकून हाय खाल्ली होती आणि नवा नायक नेमून मिसरास परत जाण्याचा घाट घातला होता. ते परतण्याची भाषा बोलले आणि या बहिणी वतनाची बोलल्या, हा विरोध प्राचीन यहूदी शास्त्रकारांनीच टिपून ठेवला आहे. देवाने दिलेले वचन खरे होणार, याविषयी ज्याच्या मनात तिळमात्र संशय नाही, तोच नदी ओलांडण्याआधी वाटणीचा तंटा दाराशी आणतो.

मोशेपाशी उत्तर नव्हते. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि सलाफहादाच्या मुली योग्य तेच बोलतात असा निर्वाळा मिळाला. एवढ्यावर न थांबता त्यातून सर्वांसाठी वारसाचा क्रम ठरला: पुत्र नसल्यास कन्या, कन्या नसल्यास भाऊ, भाऊ नसल्यास चुलते, आणि तेही नसल्यास कुळातील सर्वांत जवळचा आप्त. निपुत्रिक घरात कन्येस वारसा देण्याची कल्पना त्या भूभागात अपूर्व होती असे मात्र नव्हे; इसवी सनापूर्वी सुमारे 2100 च्या काळातील लगाश नगरीचा अधिपती गुदेआ यानेही पुत्रहीन घरात कन्येला वारस केल्याचे आपल्या पुतळ्यावर कोरून ठेवले आहे. परंतु तेथे बोलतो तो राजा, आपल्या औदार्याची कीर्ती सांगणारा. गणनेत बोलतात त्या हक्कदार स्वतः, आणि त्या पाचही जणींची नावे दप्तरी एकेक करून लिहिलेली आहेत.

प्रकरण येथे मिटले नाही. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात मनश्शेच्या भाऊबंदांनी उलट अर्ज केला: या मुली दुसऱ्या वंशात दिल्या गेल्या तर जमीनही त्यांच्याबरोबर जाईल आणि आमचे वतन तितके घटेल. त्यावर असा हुकूम झाला की त्यांनी आपल्या पसंतीस येईल त्याच्याशी विवाह करावा, मात्र तो बापाच्या वंशातलाच असावा. त्या पाचही जणींनी चुलतभावांशी लग्ने केली. ती राजीखुशीने की निरुपायाने, याविषयी ग्रंथ मौन पाळतो, आणि ते मौन मला खुपते. कारण जमीन देणाऱ्या हाताने निवडीचे वर्तुळ लहान केले, हे नाकारता येत नाही. पुढे तालमूदकालीन शास्त्रकारांनाही ही बंधनाची अट खटकली असावी. ती केवळ त्या एका पिढीपुरती होती असा अर्थ त्यांनी लावला, आणि यहूदी पंचांगातील आव महिन्याच्या पंधराव्या तिथीला जो आनंदोत्सव होई, त्याच्या कारणांपैकी एक म्हणून वंशावंशांतील विवाहांची मोकळीक सांगितली.

हुकूम मिळणे आणि कबजा मिळणे यांत किती अंतर असते, हे आपल्याकडील जमीनजुमल्याच्या व्यवहारात मुरलेल्या वाचकास सांगावयास नको. मोशे वारला, नदी ओलांडली गेली, मुलूख हाती आला; तेव्हा या बहिणी पुन्हा एकदा एलाजार, मोशेच्या जागी आलेला यहोशवा आणि सरदार यांच्यापुढे जाऊन जुन्या हुकमाची आठवण देत्या झाल्या, असे यहोशवाच्या ग्रंथात लिहिले आहे. मनश्शेला यार्देनेच्या पश्चिमेस दहा वाटे मिळाले: पाच पुरुषांच्या घराण्यांचे आणि पाच या मुलींचे.

या वाट्यांचा एक अनपेक्षित पुरावा 1910 मध्ये हाती आला. शोमरोनच्या टेकडीवर, म्हणजे इस्राएलच्या अम्री राजाने दोन किक्कार वजनाच्या रुप्याला विकत घेऊन जेथे आपली राजधानी वसविली त्याच जागी, हार्वर्ड विद्यापीठाच्या वतीने पुरातत्त्वज्ञ रीस्नर उत्खनन करीत असता शाईने लिहिलेली शंभरावर खापरे निघाली. ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील. खापर हाताएवढेही नाही. त्यावर दोनचार ओळींत राजाच्या कारकीर्दीचे वर्ष, माल कोठून आला ते ठिकाण, कोणाच्या नावे ते, आणि जुन्या द्राक्षारसाचा किंवा शुद्ध तेलाचा बुधला, एवढी नोंद. या कोरड्या कारकुनी नोंदींत मनश्शेच्या घराण्यांची जी नावे प्रदेशांची नावे म्हणून येतात, त्यांत नोआ आणि होग्ला आहेत. तिरसा नावाचे नगर तर शोमरोन वसण्यापूर्वी काही काळ इस्राएलच्या राजांची राजधानीच होती. ज्याचे नाव टिकावे म्हणून हा सारा खटाटोप झाला, त्या सलाफहादाचे नाव मात्र या खापरांवर नाही.

काही विद्वान म्हणतात की ही नावे मुळात गावांची; त्या गावांना एका कुळात गोवण्यासाठी पाच बहिणी मागाहून कल्पिल्या गेल्या. ते मत खोडून काढण्याचे साधन माझ्यापाशी नाही, आणि त्याची निकडही मला वाटत नाही. कथा गावांवरून जन्मली असे धरले तरी, राजाच्या कोठारात तेलाचे बुधले पोचविणाऱ्या त्या प्रदेशातील लोकांना आपल्या शेतांचा मूळ दाखला कोणा विजयी सरदाराच्या तलवारीत न सांगता, मंडपाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या पोरक्या मुलींच्या मागणीत सांगावासा वाटला, हे शिल्लक राहतेच.