साचा, करवत आणि पुरावा : अमेरिकी डिझेल इंजिनांच्या प्रतिकृतींतील फेरबदलांचा एक अभ्यास

प्रस्तावना

रेल्वेच्या इतिहासाची साधने म्हटली की कंपन्यांचे वार्षिक अहवाल, चौकशी आयोगांची इतिवृत्ते, वेळापत्रके आणि अभियंत्यांचे आराखडे अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर येतात. टेबलावर मावणारी प्लॅस्टिकची इंजिने या यादीत सहसा धरली जात नाहीत. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील हजारो हौशी मंडळींनी बाजारात मिळणाऱ्या डिझेल इंजिनांच्या प्रतिकृतींची बाह्य कवचे कापली, जोडली, घासली आणि ती एखाद्या विशिष्ट कंपनीच्या, विशिष्ट क्रमांकाच्या, विशिष्ट वर्षातील इंजिनाशी जुळवून घेतली. हे करताना त्यांना जे प्रश्न विचारावे लागले ते इतिहासकाराचेच प्रश्न होते. या छंदाला संशोधनपद्धती म्हणता येईल काय, आणि म्हणता येत असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक साचा, अनेक कंपन्या

या छंदात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे आहे. प्रत्यक्षातील १४३५ मिलिमीटर अंतराचे रूळ या प्रमाणात १६.५ मिलिमीटरवर येतात. १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचे साचेकाम स्वस्त झाले आणि कॅलिफोर्नियातील अ‍ॅथर्न कंपनीने सामान्य माणसाला परवडतील अशी डिझेल इंजिने बाजारात आणली. निळ्या खोक्यांत मिळणाऱ्या या प्रतिकृतींवर दोन-तीन पिढ्या वाढल्या. मात्र स्वस्ताईची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. पोलादी साचा तयार करणे हा सर्वांत खर्चिक भाग असल्याने एकाच साच्यातून निघालेल्या कवचावर निरनिराळ्या कंपन्यांचे रंग चढवून ते विकणे निर्मात्याला भाग होते. परिणामी सांता फे, सदर्न किंवा इलिनॉय सेंट्रल यांची इंजिने खोक्यात रंगापुरतीच वेगळी असत.

वस्तुस्थिती तशी नव्हती. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचे जीपी-९ हे १७५० अश्वशक्तीचे इंजिन १९५४ पासून तयार होऊ लागले आणि अमेरिका व कॅनडा मिळून त्याची चार हजारांहून अधिक नग निर्मिती झाली. खरेदीदार कंपनी आपल्या मार्गानुसार त्यात बदल मागवीत असे. घाटमार्ग असलेल्या कंपन्यांना डायनॅमिक ब्रेक हवा असे. उतारावर चाकांच्या मोटारींकडून जनित्राचे काम करून घ्यायचे, निर्माण झालेली वीज रोधकांत उष्णतेच्या रूपाने घालवायची आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी छतावर पंखा बसवायचा, अशी ही योजना. त्यामुळे इंजिनाच्या छताजवळ एक फुगीर भाग दिसतो. सपाट प्रदेशातील कंपन्यांनी हा खर्च अनेकदा टाळला. म्हणजेच सपाट मुलखातल्या इंजिनाची प्रतिकृती घडविणाऱ्याला प्रथम हा फुगवटा कापून तेथे सपाट पत्रा बसवावा लागे. त्याच्या करवतीखाली जे जात होते ते त्या प्रदेशाचे भूगोल होते, असे म्हणता येईल.

समोरच्या आखूड हूडचेही तसेच. महाराष्ट्रातील वाचकाला हा भाग पुणे वा कल्याण शेडच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांवरून सहज ओळखता येईल; ते इंजिनही मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचेच. चालकाच्या केबिनपुढील हा भाग उंच असला की समोरचे दृश्य अडते. म्हणून १९६० च्या दशकात बहुतेक अमेरिकी कंपन्या ठेंगण्या हूडकडे वळल्या. सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न या दोन कंपन्यांनी मात्र १९७० च्या दशकातही उंच हूडचीच मागणी चालू ठेवली. बाजारातील ठेंगण्या हूडची प्रतिकृती घेऊन सदर्नचे इंजिन करू पाहणाऱ्याला नाकाचा सबंध भाग नव्याने उभारावा लागे. सदर्न पॅसिफिकच्या काही इंजिनांत याच्या उलट अडचण होती. रेडिओ नियंत्रणाची सामग्री बसविण्यासाठी त्यांचे नाक ८१ ऐवजी ११६ इंच लांब केलेले होते. हा ३५ इंचांचा फरक प्रतिकृतीत जेमतेम १० मिलिमीटरचा. पण जाणकाराच्या नजरेतून तो सुटत नाही.

याखेरीज काही दोष निर्मात्याचेच असत. अ‍ॅथर्नच्या सुरुवातीच्या काही इंजिनांचा हूड प्रमाणापेक्षा रुंद होता, कारण त्या काळची विजेची मोटर अरुंद कवचात मावत नसे. चिकाटीची माणसे कवच लांबीच्या दिशेने मधोमध चिरून, मधली पट्टी काढून, दोन्ही बाजू पुन्हा जोडीत. छताच्या मध्यरेषेवरील पंखे अर्थातच आधी सोडवून घ्यावे लागत. हे सारे वस्तऱ्यासारखे पाते, बारीक करवत, पॉलिस्टायरीनच्या पट्ट्या आणि द्रावक यांच्या साह्याने, स्वयंपाकघराच्या टेबलावर. पुढे डिटेल असोसिएट्स, कॅनन अँड कंपनी यांसारख्या छोट्या उत्पादकांनी सुटे भाग पुरवले आणि काम काहीसे सुकर झाले.

पुरावा आणि तारीख

कापायचे काय, हे ठरवण्यासाठी माहिती लागते. जेरी पिंकपँक यांची डिझेल इंजिने ओळखण्याची मार्गदर्शिका कॅल्मबाख प्रकाशनाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून या माहितीला शिस्त आली. एकाच नमुन्याच्या इंजिनांत निर्मितीकाळानुसार झडपांची मांडणी, पंख्यांचा आकार, दारांची संख्या बदलत गेली. या टप्प्यांना हौशी मंडळींनी ‘फेज’ असे नाव दिले. कारखान्याच्या दप्तरात हा शब्द नव्हता. इतिहासाचे कालखंड पाडण्याचे जे काम इतिहासकार करतो, तेच येथे छायाचित्रांच्या आधारे आणि कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाविना झाले.

या कामाला आणखी एका घटनेने निकड आणली. १९६८ मध्ये स्थापन झालेली पेन सेंट्रल दोनच वर्षांत दिवाळखोर झाली. १९७६ मध्ये कॉनरेल अस्तित्वात आली. १९८० मध्ये रॉक आयलंड बंद पडली. पुढे सांता फे १९९५ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्नशी एकत्र आली आणि सदर्न पॅसिफिक १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली. कंपनी गेली की तिची दप्तरे सांभाळण्यात कोणाचे हित उरत नाही. अशा वेळी ‘या क्रमांकाच्या इंजिनावर या वर्षी भोंगा कोठे होता’ या वरकरणी क्षुल्लक प्रश्नासाठी जमवलेली दिनांकित छायाचित्रे हाच काही बाबतींत हाताशी राहिलेला पुरावा ठरतो. छायाचित्रावर तारीख नसेल तर त्याचे मोल निम्म्याने घटते, हा दंडक या मंडळींनी आपणहून पाळला.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एका बाजूचे छायाचित्र मिळते, दुसरी बाजू अंदाजाने घडविली जाते. ती प्रतिकृती नियतकालिकात छापून आली की पुढचा माणूस तिलाच प्रमाण मानतो. अंदाज अशा रीतीने पुरावा बनतो, आणि मूळ साधनाकडे परत जाण्याची तसदी कोणी घेत नाही. व्हर्जिनिया अँड ओहायो या काल्पनिक रेल्वेचे कर्ते अ‍ॅलन मॅक्लेलंड यांनी ‘पुरेसे चांगले’ हे तत्त्व मांडले होते : सबंध रेल्वेचा आभास नीट उभा राहत असेल तर प्रत्येक रिव्हेट मोजत बसू नये. मला या भूमिकेत प्रामाणिकपणा अधिक दिसतो, कारण जेथे माहिती नाही तेथे ती असल्याचा आव त्यात आणावा लागत नाही. रिव्हेट मोजणारे मात्र यावर सहमत होणार नाहीत, आणि त्यांच्याच हट्टामुळे आपल्याला निम्मी माहिती मिळाली आहे हेही खरे.

क्लेबर्नचा कारखाना

प्रतिकृतीकार मूळ वस्तूशी खेळ करतो, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी टेक्सासमधील क्लेबर्न येथील सांता फेच्या कारखान्याकडे पाहावे. या कंपनीकडे एफ-७ आणि त्याच मालिकेतील वयोवृद्ध इंजिने मोठ्या संख्येने होती. त्यांचे अंग पूर्ण रुंदीचे असल्याने चालकाला मागचे दिसत नसे. वाटेतल्या स्थानकांवर डबे जोडण्या-सोडण्याच्या कामाला ती गैरसोयीची होती. नवी इंजिने घेण्याऐवजी कंपनीने १९७० ते १९७८ या काळात अशी २३३ इंजिने सोलून त्यांची सीएफ-७ नावाची अरुंद हूडची इंजिने बनवली. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. एफ-७ च्या बाजूच्या भिंती पुलाच्या कैचीप्रमाणे भार वाहत. त्या काढल्या की इंजिनाला पाठीचा कणाच उरत नसे. म्हणून खाली नवी भक्कम चौकट घालावी लागली. सुरुवातीच्या इंजिनांवर जुन्या केबिनचे गोलाकार छप्पर तसेच राहिले. नंतरच्यांना कोनदार छपराची केबिन मिळाली. क्रमांक २६४९ पासून उतरत्या क्रमाने २४१७ पर्यंत दिले गेल्याने नुसत्या क्रमांकावरूनही इंजिनाचे पौर्वापर्य कळते.

ज्याला सीएफ-७ ची प्रतिकृती करायची, तो एफ-७ च्या कवचाचे छप्पर कापतो, जीपी-९ च्या कवचाचा हूड घेतो आणि दोन्ही एका नव्या चौकटीवर जुळवतो. क्लेबर्नच्या कामगारांनी पोलादात जे केले, त्याच क्रमाने तो ते प्लॅस्टिकमध्ये करतो. जुन्याच्या आधारे नवे करण्याची ती काटकसर कंपनीचीही होती आणि त्याचीही आहे.

आज चित्र बदलले आहे. विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट क्रमांकाची इंजिने तयार स्वरूपात मिळतात. त्रिमितीय छपाईने उरलेली कसर भरून काढली. अचूकता निःसंशय वाढली, पण संशोधन आता निर्मात्याच्या कार्यालयात होते आणि ग्राहकाच्या हाती केवळ त्याचे फलित येते. पूर्वी चूक आपली असे, म्हणून ती शोधताही येत असे.

या साऱ्या इतिहासात माणूस कोठे आहे, हा प्रश्न उरतोच. भोंगा, दिवे, झडपा यांची बारकाईने नोंद ठेवणाऱ्या लेखनात चालकाचे वेतन, कामाचे तास वा अपघात क्वचितच भेटतात. तरीही एक उदाहरण वेगळे आहे. १९८४ मध्ये प्रवासी वाहतूक करणाऱ्या अ‍ॅमट्रॅकने आपली १८ एसडीपी-४०एफ इंजिने सांता फेला दिली आणि बदल्यात २५ सीएफ-७ व १८ शंटिंग इंजिने घेतली. प्रवासी गाड्यांसाठी घडलेल्या त्या रुंद अंगाच्या इंजिनांना पुढच्या बाजूने चढायला धड जागा नव्हती. मालगाडीच्या कामात माणसाला सतत चढावे-उतरावे लागते. म्हणून सांता फेने नाकाचे दोन्ही कोपरे कापून तेथे पायऱ्या आणि उभे राहण्यापुरता ओटा केला. प्रतिकृतीकारालाही ते कोपरे कापावेच लागतात. १:८७ या प्रमाणात ती खाच काही मिलिमीटरांचीच असते, आणि तीत एका माणसाचा पाय मावेल एवढी जागा काटेकोरपणे मोजून ठेवावी लागते.