पांगरमल: पेल्यानंतरचे तास

रविवार, १२ फेब्रुवारी २०१७, रात्र. नगर तालुक्यातलं पांगरमल. जिल्हा परिषदेचं मतदान चार दिवसांवर. निवडणुकीची पार्टी आणि फुकटची दारू. नाही कोण म्हणणार?

विषारी दारूतला नेहमीचा मारेकरी मिथेनॉल. पुढचे तास त्याचे आहेत. माणसागणिक थोडे मागेपुढे होतात.

शून्य तास. रंग नाही, वास दारूसारखाच. कारखान्यात हाच द्राव थिनरमध्ये, वार्निशमध्ये असतो. तिथे त्याला कायद्याची वेसण: २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमात आठ तासांच्या पाळीत हवेतल्या सरासरी प्रमाणाची मर्यादा होती २०० पीपीएम, म्हणजे घनमीटरमागे २६० मिलिग्रॅम. कामगार पाळीभरात १० घनमीटर हवा ओढतो असं धरलं, तर फार तर २.६ ग्रॅम. आता पेल्याचा हिशेब करा. ३० मिली शुद्ध मिथेनॉल भरतं जवळपास २४ ग्रॅम. नऊ पाळ्यांचा वाटा एका बैठकीत, आणि एवढ्यानं माणूस मरू शकतो.

पहिला तास. झिंग बेताचीच.

सहावा तास. माणूस झोपलेला, यकृत कामाला लागलेलं. मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल. खरा घात हे आम्ल करतं. बाटलीत पिण्याचं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉलही मिसळलेलं असेल, तर यकृत आधी ते निपटतं आणि विषाची पाळी उशिरा येते. पिणाऱ्याला वाटतं, आपल्याला काही झालं नाही.

बारावा तास. डोकं ठणकतं, उलट्या, पोटात कळा. घरचे म्हणतात, रात्रीची उतरली नाही अजून. लिंबूपाणी द्या, झोपू द्या. माझ्या मते माणसं इथेच हातची जातात. उतारा लागू पडण्याचे हेच तास, आणि ते अंथरुणात संपतात.

अठरावा तास. रक्त आंबट झाल्यानं धाप लागते. डोळ्यांपुढे पांढरं धुकं, भर उन्हात बर्फ पडावा तसं. आता गाडीची धावपळ. दवाखान्यात उतारा म्हणून फोमेपिझोल, ते नसेल तर मोजून दिलेलं इथेनॉल, सोडाबायकार्ब, डायलिसिस. डोळ्याची नस एकदा गेली की जीव वाचला तरी नजर परतेलच असं नाही.

पुढचे दिवस. पांगरमलच्या दारूकांडात ९ बळी. १६ तारखेला ठरल्याप्रमाणे मतदान. ही बनावट दारू कुठे तयार होत होती, याचा माग काढत पोलीस पोचले ते नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये.