लुईसाची लेखणी आणि घरावरचं कर्ज



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. आमची शेंगदाण्याची चटणी आता आठवडी बाजारात नाव घेऊन मागतात. एका व्यापाऱ्याने निरोप धाडला, “चटणीचं नाव आणि कृती आम्हाला द्या, पंचवीस हजार रोख घ्या. पुढचं आम्ही बघतो.” निम्म्या जणी म्हणाल्या, पेरणी तोंडावर आलीय, रोख पैसा सोडू नका. निम्म्या म्हणाल्या, नावच दिलं तर आपल्याकडे उरलं काय? हजेरी झाली, हप्ते जमा झाले, पण ठराव काही झाला नाही.

घरी जाताना आम्हाला एक लेखिका आठवली. तिच्यापुढेही असाच प्रश्न आला होता, दीडशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत. तिचं नाव लुईसा मे अल्कॉट. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण तिचं पुस्तक आपल्यातल्या काहींनी शाळेत असताना वाचलेलं असेल. शांताबाई शेळक्यांनी ते मराठीत आणलं, ‘चौघीजणी’ या नावाने. मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणींची गोष्ट. वाढत्या वयाच्या मुलींनी ती डोक्यावर घेतली, आणि आजही मुली ती वाचतात. आज आपण त्या पुस्तकामागची बाई बघू. ती कशी लिहायची, का लिहायची, आणि त्या लिहिण्याचा हिशोब काय झाला.

लुईसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२चा. म्हणजे आपल्या सावित्रीबाईंपेक्षा ती वर्षा-दोन वर्षांनी लहान. तिचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट मोठे विचारवंत आणि शिक्षक. मुलांना मारू नये, त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, असं ते त्या काळात सांगत. बोस्टन शहरात त्यांनी शाळा काढली. पुढे एका काळ्या मुलीला त्यांनी वर्गात घेतलं, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली पोरं काढून नेली आणि शाळा बंद पडली. माणूस तत्त्वाचा, यात शंका नाही. पण घरात पैसा येईना. आई ॲबिगेल, चार मुली आणि वाढत जाणारी उधारी. लुईसा मोठी होईपर्यंत या कुटुंबाने वीसहून जास्त वेळा बिऱ्हाड हलवलं.

१८४३ साली तर वडिलांनी मित्राबरोबर एका शेतावर नवा संसार मांडला. फ्रूटलँड्स त्याचं नाव. तिथे मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत, चहा-कॉफी नाही. कापूस गुलामांकडून पिकवून घेतात म्हणून सुती कपडा नाही. लोकर मेंढीची म्हणून तीही नाही. विचार चांगलेच होते, पण चूल कोणी सांभाळायची? पुढे लुईसाने या दिवसांवर गमतीने लिहिलं. त्यात तिने सांगितलंय, की धान्य काढून पडलेलं, वादळ येऊ घातलेलं आणि पुरुषमंडळी विचार सांगायला परगावी गेलेली. शेवटी आई आणि पोरींनीच टोपल्यांत, चादरींत भरून धान्य घरात आणलं. तेव्हा लुईसा दहा वर्षांची होती. हा प्रयोग सात महिन्यांत मोडला. हे वाचताना आम्हाला हसूही आलं आणि आपल्या गावातली दोन-चार घरंही डोळ्यांपुढे आली.

मग आईने घर उचललं. तिने बोस्टनमध्ये गरीब वस्त्यांत पगारी काम धरलं, पुढे लोकांना कामं मिळवून देण्याचं छोटं कार्यालय चालवलं. मुलीही हातभार लावू लागल्या. लुईसाने शिवणकाम केलं, शिकवण्या घेतल्या. अठराव्या वर्षी ती एका घरी सोबतीण म्हणून राहिली. हलकं काम सांगून नेलं आणि करायला लावलं काय, तर बर्फ उपसणं, लाकडं फोडणं, बूट पुसणं. सात आठवडे राबली आणि हातावर पडले चार डॉलर. घरच्यांनी ते पैसे परत पाठवून दिले. मोठेपणी या कामावर तिने लेख लिहिला आणि तो घेऊन ती एका नामांकित प्रकाशकाकडे गेली. त्याने सांगितलं, बाई, तुम्ही शिकवणंच करा, लिहिणं तुमचं काम नाही. वर शाळा काढायला चाळीस डॉलर उसनेही दिले. पुस्तकाने नाव झाल्यावर लुईसाने ते चाळीस डॉलर फेडले.

तिचं पहिलं पुस्तक १८५४च्या डिसेंबरात आलं. फुलांच्या आणि पऱ्यांच्या गोष्टी होत्या त्यात. मिळाले बत्तीस डॉलर. मैत्रिणींनो, त्याच १८५४ साली पुण्यात सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह छापला गेला. दोघींना एकमेकींची खबर असण्याचं काही कारण नाही. पण साल एकच होतं, आणि दोन्हीकडे बाईच्या नावावर फुलांचं पुस्तक निघत होतं.

लिहायची सवय लुईसाला लागली कशी? घरातच. अल्कॉटांच्या घरी प्रत्येक मुलीने रोजनिशी लिहायची, असा रिवाज होता. आई ती वाचायची आणि मधेच दोन ओळी लिहून ठेवायची, शाबासकीच्या किंवा समजुतीच्या. बहिणी मिळून नाटकं बसवायच्या. ती लुईसा लिहायची, आणि थोरली ॲना आणि ती मिळून करायच्या. या बहिणीच पुढे पुस्तकात आल्या. ॲनाची मेग झाली, धाकट्या मेची ॲमी झाली. एलिझाबेथ तापाच्या आजारातून कधी नीट उठलीच नाही आणि १८५८ साली गेली, तिची बेथ झाली. आणि लिहिणारी, फटकळ, धांदरट ज्यो म्हणजे लुईसा स्वतः.

एक गोष्ट मात्र तिने उलटी केली. पुस्तकात वडील युद्धावर गेलेले आहेत. खऱ्या आयुष्यात गेली ती लुईसा. गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेत यादवी पेटली होती. अल्कॉट घर गुलामीच्या विरोधातलं. पळून आलेल्या गुलामाला त्यांनी एकदा घरात आसरा दिला होता. (याच अमेरिकेतल्या लोकांनी गुलाम मुक्त केले म्हणून जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांना अर्पण केलं, हे आपल्याला माहीत आहेच.) १८६२च्या डिसेंबरात लुईसा वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाऊनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेली. जुन्या हॉटेलचं केलेलं ते इस्पितळ. सहा आठवड्यांत तिला टायफॉईड झाला. त्या काळच्या रीतीने पाऱ्याचं औषध दिलं गेलं. जीव वाचला, पण पहिली तब्येत परत आली नाही. तिथून घरी पाठवलेल्या पत्रांवरून तिने १८६३ साली पुस्तक केलं, आणि लोकांनी पहिल्यांदा तिचं नाव नीट वाचलं.

पोटासाठी ती आणखीही लिहीत होती. सूड, खून, फसवणूक अशा चटकदार गोष्टी, साप्ताहिकांसाठी. त्यांना पैसे बरे मिळत. त्यातल्या कितीक ए. एम. बर्नार्ड या खोट्या नावाने छापल्या. हे गुपित पुढे १९४०च्या दशकात दोन अभ्यासक मैत्रिणींनी, लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडेलिन स्टर्न यांनी, जुनी पत्रं धुंडाळून उघडं केलं.

आता मुख्य गोष्ट. प्रकाशक थॉमस नाइल्स यांनी तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. तिला ते नको होतं. आपल्या बहिणी सोडल्या तर मुलींची फारशी माहिती आपल्याला नाही, असं तिचं म्हणणं. पण घरात गरज होती. काँकर्ड गावातल्या घरात वडिलांनी तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे अर्धगोल फळीचं टेबल करून दिलं होतं. वडिलांनी पैसा कधी फारसा आणला नाही, पण लेकीला लिहायला जागा दिली, हेही सांगायला हवं. मे १८६८मध्ये ती त्या टेबलाशी बसली आणि जुलैच्या मध्याला पहिला भाग संपवला. पहिली प्रकरणं प्रकाशकाला नीरस वाटली, तिलाही वाटली. मग काही मुलींना वाचायला दिली, तर त्या मुलींनी ती उचलून धरली. शेवटी परीक्षा घेतली ती वाचणाऱ्या पोरींनीच.

आणि इथे आपला चटणीचा प्रश्न येतो. पुस्तकाचे हक्क एकरकमी विकायचे की आपल्याकडे ठेवून विक्रीवर वाटा घ्यायचा? उधारीतल्या घराला रोख रकमेची भूल पडतेच. पण नाइल्स यांनी स्वतःच सल्ला दिला, हक्क ठेवा. तिने ठेवले. विक्रीवर शंभराला पावणेसातच्या आसपास वाटा ठरला. पुस्तक धो धो खपलं. मुलींची पत्रं येऊ लागली, ज्योचं लग्न कोणाशी होणार? शेजारच्या लॉरीशीच लावा, असा आग्रह. लुईसाने दुसऱ्या भागात तसं केलं नाही. वाचकांच्या हट्टापुढे ती नमली नाही, तिने ज्योसाठी वयाने मोठा, गरीब प्राध्यापक आणला. १८६९ साली घरावरची जुनी कर्जं तिने फेडली. वर्षाची कमाई ती रोजनिशीत ओळीने मांडून ठेवायची, कुठल्या गोष्टीचे किती. आपलं गटाचं खातेवही असतं ना, तसंच.

पण हिशोबाची दुसरी बाजूही बघू. लिहायला बसली की ती झोप आणि जेवण विसरायची. लिहून लिहून उजव्या हाताचा अंगठा निकामी झाला, तेव्हा ती डाव्या हाताने लिहायला शिकली. घरातल्या प्रत्येकाची गरज तिच्या पुस्तकांवर चालायची. तिने लग्न केलं नाही. धाकटी बहीण मे १८७९ साली पॅरिसला बाळंतपणानंतर गेली, तेव्हा ती तान्ही भाची लुईसानेच सांभाळली. काँकर्डमध्ये शाळा समितीच्या मतदानासाठी नाव नोंदवणारी पहिली बाई तीच, हेही त्याच वर्षीचं. १८८७ साली तिने ॲनाच्या मोठ्या झालेल्या मुलाला कायद्याने दत्तक घेतलं. कशासाठी? तर आपल्यामागे पुस्तकांचे हक्क घरातच राहावेत म्हणून. ४ मार्च १८८८ला वडील गेले आणि ६ मार्चला ती गेली. वय फक्त पंचावन्न.

आम्ही हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं. एक काकू ऐकून म्हणाल्या, “तिने नाव राखलं ते बरं केलं, पण हात घालवला ते काही बरं नाही.” यावर कोणी काही बोललं नाही. मग दोन ठराव झाले. पहिला, व्यापाऱ्याला सांगायचं, नाव आणि कृती आमच्याकडेच राहील, पुड्यामागे वाटा द्यायचा असेल तर बोलू. दुसरा ठराव त्या काकूंचा. चटणी कुटायला कोण किती तास बसली, ते वहीत लिहायचं आणि एकाच बाईवर सगळं काम पडू द्यायचं नाही.

व्यापाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. वहीत तासांचा रकाना मात्र आम्ही आखलाय. तुमच्या गावच्या वाचनालयात ‘चौघीजणी’ असेल तर घरी आणा, मुलीबरोबर वाचा. आणि रोजनिशी लिहिणाऱ्या पोरीला कोणी हसत असेल, तर तिच्या बाजूने दोन शब्द बोला.